निफाडच्या लॉटमधली गन

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो माझा सख्खा मामा आहे, आणि तो आजही नाशकात राहतो. हे सगळं मी त्याच्या तोंडून ऐकलं आहे. काही मामीच्या तोंडून.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही रात्रीची नाही.

भर दुपारची आहे. साल २००६, मे महिना. जागा, दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे रस्त्यालगत असलेलं मामाचं पत्र्याचं गॅरेज.

त्या वर्षी लोडशेडिंग होतं. दुपारी बाराला लाईट जायची ती चारला यायची. पंखे बंद, पिठाची गिरणी बंद, वेल्डिंगवाल्याचं मशीन बंद. त्या चार तासांत रस्ता इतका गप्प व्हायचा की कुत्र्याच्या धापा ऐकू यायच्या.

हे लक्षात ठेवा. लाईट नसायची.

मामाचं नाव मल्हारी. जीप आणि टेम्पोचा मेकॅनिक. वय तेव्हा पंचेचाळीस. गॅरेजमध्ये एकटाच काम करायचा, आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागूनच घर. वीस वर्षं पान्याला लोखंडी पाईप लावून जाम झालेले बोल्ट खोलून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "झटके मारायचे बंद करा, नाहीतर हा हात कायमचा धरेल."

मेकॅनिकचा उजवा हात धरला तर राहिलं काय?

म्हणून मामाला एअर गन हवी होती. एअर गन म्हणजे हवेवर चालणारं बोल्ट खोलायचं मशीन. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा भरायची, पाईप जोडायचा, बोल्टावर तोंड धरून घोडा दाबायचा... टर्रर्र... बोल्ट बाहेर. खांद्याला झटका नाही. कॉम्प्रेसर मामाकडे होताच, चाकात हवा भरायला घेतलेला. फक्त गन नव्हती.

अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात भिकन नावाचा ओळखीचा व्यापारी होता. बंद पडलेल्या कारखान्यांचं, गॅरेजचं जुनं सामान तो लॉटमध्ये उचलायचा. त्याच्याकडे मामाला ती दिसली.

आखूड तोंडाची, छोटीशी, जपानी बनावटीची गन. मोठ्या गनच्या निम्मी. जीपच्या खाली झोपून अडचणीच्या जागी हात घालायचा तर अशीच लागते. मुठीला सायकलच्या ट्यूबचं काळं रबर गुंडाळलेलं होतं. त्या रबरावर चार बोटांचे खड्डे पडले होते. इतके खोल, की ज्याने ती वापरली त्याने शेवटपर्यंत घट्ट दाबूनच धरली असणार.

मामाने मूठ धरली. बोटं बरोब्बर त्या खड्ड्यांत बसली.

"कुठली आहे रे?" त्याने विचारलं.

"निफाडकडचा लॉट आहे मामा. एक गॅरेज बंद झालं, त्याचं सगळं सामान आलंय." भिकनने गन आपल्या कॉम्प्रेसरला लावून दाखवली. मशीन लोण्यासारखं चाललं. मामाने तिथल्या तिथे उचललं.

पहिले आठ दिवस मामा खुश होता. ज्या कामाला अर्धा दिवस जायचा ते तासात व्हायचं. खांदा दुखायचा थांबला. मामी म्हणायची, "आता कुठे तुम्ही जेवताना सरळ हाताने घास घेताय."

एक गोष्ट सांगायची राहिली. हवेवरची गन जास्त वेळ चालवली की गार पडते. चांगलीच गार. मेच्या उन्हातसुद्धा तिच्या अंगावर पाणी सुटतं. हे सगळ्याच गनचं होतं, त्यात नवल काही नाही.

नवव्या दिवशी मामा सामान आणायला नाशकातल्या द्वारका चौकात गेला. शटर ओढून, कुलूप लावून. परत यायला तीन वाजले. घरात आला तर मामी अंगणात बाजेवर कुरडया पसरत होती.

"जेवायला वाढ," मामा म्हणाला.

"आत्ता सुचलं का? मी मुद्दामच हाक मारली नाही. म्हटलं, काम जोरात चाललंय तुमचं."

"कसलं काम?"

"गन वाजत होती ना. दीड तास झाला असेल..."

मामाने हातातली सामानाची पिशवी खाली ठेवली. "मी द्वारकेला होतो मीना."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"शेजारच्या वेल्डिंगवाल्याचं काहीतरी असेल," मामा शेवटी म्हणाला.

 मामीने फक्त वर बघितलं. अंगणातल्या वायरवरचा बल्ब बंद होता. लाईट बारालाच गेली होती. सगळ्या लाईनची.

तीन दिवसांनी मामाने स्वतः ऐकलं.

जेवून तो आतल्या खोलीत आडवा झाला होता. गॅरेजला कुलूप. लाईट गेलेली. डोळा लागणार, इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

टर्रर्र...

मग काहीच नाही.

टर्रर्र... टर्र...

मामा उठून बसला. बोल्ट खोलणाऱ्या माणसाचा हात कसा चालतो ते त्याला झोपेतही कळायचं. एक बोल्ट, दुसरा, तिसरा, सारख्या अंतराने. हा आवाज तसा नव्हता. कोणीतरी दाबत होतं... थांबत होतं... पुन्हा दाबत होतं. जसं काही दाबून कान देऊन ऐकत होतं.

तो अनवाणीच बाहेर धावला. कुलूप काढलं, शटर वर केलं.

आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. कॉम्प्रेसर बंद. टाकीचा काटा शून्यावर, म्हणजे आत हवा नाही. पाईप गुंडाळून कोपऱ्यात पडलेला. आणि गन भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली. काहीही न जोडलेली.

पत्रा इतका तापला होता की हात लावला तर चटका बसेल. मामाने गन खिळ्यावरून काढली...

ती बर्फासारखी गार होती.

तिच्या अंगावरून पाणी ओघळत होतं. खाली जमिनीवर थेंबांचा ओला डाग पडला होता.

त्या दिवसानंतर मामीने एकदा पत्र्याच्या भोकातून बघितलं. आत गन वाजत होती आणि माणूस नव्हता. ती जी घाबरली, ती दोन दिवस जेवली नाही. तेव्हा मामाने तिला एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट सांगितल्याचा पश्चात्ताप तो अजून करतो.

"पुन्हा आवाज आला तर तू तिकडे जायचं नाही. काही झालं तरी नाही. आतून कडी लावून घ्यायची."

मामीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मामा भिकनकडे गेला. भिकनने आठवून आठवून पत्ता दिला. निफाडच्या पुढे, द्राक्षबागांमधल्या रस्त्यावर, बंद पडलेलं एक गॅरेज. मालकाचं नाव देवराम. वारलेला. त्याच्या बायकोने सामान विकलं होतं.

मामा गन पिशवीत घालून एसटीने निफाडला गेला.

देवरामची बायको नवसाबाई दारातच बसली होती. पन्नाशीची असेल, दिसत होती सत्तरीची. मामा म्हणाला, "बाई, तुमच्या मालकांची एअर गन मी घेतलीय. तिच्याबद्दल जरा विचारायचं होतं."

एवढंच म्हणाला तो. आवाजाबद्दल त्याने अवाक्षरही काढलं नव्हतं.

नवसाबाईने त्याच्या पिशवीकडे बघितलं. मग हळूच विचारलं,

"दुपारचीच वाजती ना?"

 मामा उंबऱ्याबाहेरच खाली बसला.

 मग नवसाबाई बोलायला लागली. मामाला ते बोलणं शब्दन् शब्द पाठ आहे.

"तीन वरसं झाली दादा. दुपारच्याला ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली झोपून काम करत व्हते. मी हितंच, ह्याच जागी, वरसाचे गहू निवडत बसले व्हते. जॅक सटकला आन् ट्रॉली छातीवर आली. आवाज काय मोठा झाला नाय. त्यांना बोंब मारता येईना. छातीत दमच राह्यला नव्हता. पर एक हात मोकळा व्हता. त्या हातात गन व्हती."

तिने हवेत मूठ आवळून दाखवली.

"ते गन दाबत व्हते, दादा. मला हाक मारत व्हते. लय येळ. हवा संपली का कंप्रेसर आपोआप चालू व्हायचा, पुन्हा भरायचा. पुन्हा ते दाबायचे. मी ऐकत व्हते. सगळं ऐकत व्हते. मनात म्हनलं, आज लय काम उरकलं बाई यांनी. चहा झाल्यावर हाक मारू. आन् गहू निवडत राह्यले."

"मग?"

"मग आवाज थांबला. तवा मी उठले."

मामाने पिशवी पुढे सरकवली. "बाई, ही तुमची तुम्ही ठेवून घ्या. मला काही परत नको."

नवसाबाई बसल्या जागी मागे सरकली. भिंतीला पाठ लागेपर्यंत. "नगं. हितं नगं. दादा, तुमच्या पाया पडते. मी पुन्हा ऐकू शकनार नाय."

गन घेऊन मामा परत आला.

घरी पोचला तर मामीने विचारलं, "काय म्हणाले तिथे?"

मामाच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण मामीचे डोळे खोल गेले होते. हिला आता अजून कशाला घाबरवायचं? भिकनकडे गन परत टाकली की विषय संपला.

"काही नाही," तो म्हणाला. "बाई भेटलीच नाही."

तो आवाज म्हणजे हाक आहे, हे मामीला कळलंच नाही. तिच्यापाशी एकच गोष्ट होती. कडी लावून घ्यायची.

गन मामाने पत्र्याच्या पेटीत टाकली. पेटीला कुलूप. किल्ली शर्टाच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी लगेच भिकनकडे जाणं झालं नाही. वणीच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवणारा वाल्मीक सकाळीच जीप घेऊन दारात आला होता. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट बदलायचे होते. संध्याकाळी त्याला लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. मामाने त्याला तीनला ये म्हणून सांगितलं.

मामाने जीप मागून जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोडीचा टेकू दिला आणि जीपखाली शिरला. लाईट होती तोवर गनने काम पाऊण तासात झालं असतं. पण ती पेटी उघडायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने पुन्हा जुना पाना घेतला. पान्याला पाईप लावला. आणि दुखऱ्या खांद्याने झटके मारायला लागला.

बारा वाजले. लाईट गेली. तीन बोल्ट निघाले. चौथा जाम.

दोन वाजायच्या सुमाराला त्याने सगळा जीव लावून पाईप ओढला. खांद्यात कळ गेली. हात सुटला, पाईप निसटला, आणि जीप हलली. खाली सांडलेल्या तेलावर घोडी सरकली...

मामाला फक्त उजेड कमी झालेला कळला.

जीपचा आस त्याच्या उजव्या हातावर आणि छातीवर आला होता. आडवी पडलेली घोडी मध्ये अडकली, म्हणून छाती पूर्ण दबली नाही. थोडा थोडा श्वास जात होता. ओरडायला मात्र पुरत नव्हता. त्याने "मीना" म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले. आवाज फुटलाच नाही.

भिंतीपलीकडे मामी होती. दहा पावलांवर. ती भांडी घासत होती. मामाला ताटल्यांचा आवाज येत होता.

आणि मग...

टर्रर्र...

पेटीतून.

कुलूपबंद पेटीतून गन वाजली. पत्रा थरथरला.

टर्रर्र... टर्र...

मामा सांगतो, त्या क्षणाला त्याला भीती वाटली नाही. उलट डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, देवराम आपल्यासाठी हाक मारतोय. आता मीना ऐकेल. आता ती येईल.

पलीकडे ताटल्यांचा आवाज थांबला.

मामा वाट बघत राहिला. पावलं वाजली. दाराशी आली...

आणि आतून कडी लागली.

टर्रर्र... टर्रर्र...

गन वाजतच राहिली. भिंतीच्या पलीकडे मामी कानांवर हात घेऊन, देवाचं नाव घेत कोपऱ्यात बसली होती. हे तिनेच मला सांगितलं. पान्याचे झटके ऐकू यायचे थांबले होते, म्हणून मामा बाहेर गेला असेल असं तिला वाटलं होतं. तिने दुसरं काहीच केलं नव्हतं. नवऱ्याने सांगितलं होतं तेवढंच केलं होतं.

किती वेळ गेला कळेना. हात बधिर झाला. तापलेल्या पत्र्याखाली मामा घामाने भिजला होता. तेवढ्यात त्याच्या डाव्या बाजूला गार लागलं.

आधी खांद्याला. मग दंडाला. मग मांडीला.

जसं कोणी त्याच्या शेजारी, त्याच जीपखाली, उताणं झोपलं होतं. अंगाला अंग लावून. त्या अंगात ऊब नव्हती. आणि कानाजवळ श्वास येत होता... थोडा... तुटक... जसा मामाचा चालला होता, अगदी तसाच.

मामाने मान वळवली नाही.

मी त्याला एकदा विचारलं, का नाही बघितलंस? तो म्हणाला, "मान वळवली असती तर तिथेच राहिलो असतो."

वाल्मीक सांगितल्याप्रमाणे तीनला आला होता. ही गोष्ट आम्हाला नंतर कळली. रस्त्यावर उभ्या उभ्याच त्याला गनचा आवाज आला. मामाचं काम चालू आहे, अजून वेळ लागेल असं वाटून तो मागे फिरला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. अर्धा तास बसला. गप्पा मारल्या.

मग टपरीवाल्याने विचारलं, "गाडी झाली का रे तुझी?"

"चालू आहे काम. गन वाजतेय, ऐक की."

टपरीवाला भांडं विसळत होता. त्याचा हात थांबला.

"गन? अरे पण लाईट कुठंय?"

वाल्मीक पळत आला.

टपरीवरच्या चार माणसांनी जीप उचलली. मामाला बाहेर काढलं. तोवर पावणेचार झाले होते. गलका ऐकून मामीने कडी काढली, बाहेर आली, आणि मामाला बघून जागच्या जागी खाली बसली. रडलीसुद्धा नाही.

उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. तासभर आधी आणलं असतं तर हात वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. खोलीत मामी उभी होती. तिच्यासमोरच म्हणाले.

शर्टाच्या खिशात पेटीची किल्ली तशीच होती. दुसऱ्या दिवशी वाल्मीकने ती नेऊन पेटी उघडली. गन आत होती. पेटीच्या तळाशी बोटभर पाणी साचलं होतं, आणि मुठीवरच्या रबराला हात लावला तर ते अजून गार होतं.

वाल्मीकने ती भिकनकडे नेली आणि डोळ्यांसमोर गॅसकटरने तिचे तुकडे करून घेतले. ते तुकडे भट्टीत गेले. म्हणजे ती गन आता या जगात नाही.

मामा आणि मामीमध्ये या गोष्टीवरून एकमत नाही. मामा म्हणतो, देवराम माझ्यासाठी हाका मारत होता. मामी म्हणते, नाही. तो आवाज होता म्हणून वाल्मीक आत आला नाही. तो आवाज होता म्हणून मी कडी लावली. त्याला तुम्ही वाचायला नको होतात. त्याला सोबत हवी होती.

खरं काय, मला माहीत नाही. नवसाबाईला विचारावं म्हणून मी एकदा निफाडला गेलो होतो. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, बाई कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात मी मामाकडे जेवायला गेलो होतो. लोडशेडिंग आता राहिलं नाही. पंखा चालू होता, टीव्ही चालू होता. गॅरेजची शेड रिकामी आहे. मामाने ती कोणाला भाड्याने दिलेली नाही. मामी वाढत होती, माझ्या नोकरीचं विचारत होती.

मध्येच तिने बोलणं तोडलं. हातातलं ताट खाली ठेवलं, उठली आणि बाजूच्या दाराने शेडकडे गेली.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

मी मामाकडे बघितलं. तो जेवायचा थांबला होता. डावा हात ताटातच होता. मान जराशी कलती... कान भिंतीकडे.

दोन मिनिटांनी मामी परत आली. पदराने कपाळ पुसलं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

मामाने तिच्याकडे न बघताच विचारलं, "खाली वाकून बघितलंस?"



मामी पुन्हा शेडकडे गेली.